काम कुठे पडून राहतं ते आधी बघा: रोजच्या कामात लीन कसं वापरायचं

लीन (फुकट जाणारा वेळ, माल आणि मेहनत कमी करत काम करायची पद्धत), कायझेन (रोज थोडी थोडी सुधारणा) वगैरे शब्द ऐकले की बऱ्याच जणांना वाटतं हे गोव्यातल्या वेर्ण्याच्या मोठ्या कंपन्यांचं काम, आपल्या दुकानाला किंवा ऑफिसला त्याचा काय उपयोग. मी फोंड्याजवळच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये प्रॉडक्शनला आहे आणि माझ्या भावाचं टू-व्हीलरचं गॅरेज आहे, दोन्हीकडे हे वापरलंय, आणि माझं ठाम मत झालंय की छोट्या जागी हे जास्त पटकन लागू पडतं, कारण तिथे बदल करायला चार सह्या लागत नाहीत, आज ठरवलं की उद्या सकाळी करता येतं. फक्त सुरुवात बहुतेक जण चुकीच्या टोकाने करतात. आधी साफसफाई, मग कपाटांना लेबलं, मग फोटो काढून ग्रुपवर टाकणं, आणि महिनाभरात सगळं होतं तसं. साफसफाई वाईट नाही, तिच्याकडे नंतर येऊया. पण पहिली गोष्ट ती नाही. पहिली गोष्ट म्हणजे काम पडून कुठे राहतं ते शोधायचं.

त्यासाठी एक कागद, एक पेन आणि घड्याळ एवढंच लागतं. तुमच्याकडे रोज येणारं एकच काम निवडा, गॅरेज असेल तर एक गाडी, ऑफिस असेल तर एक फाईल किंवा एक बिल, टेलर असाल तर एक ब्लाऊज. ते काम आत आल्यापासून बाहेर जाईपर्यंत त्याच्या मागे फिरा आणि प्रत्येक वेळी ते हललं किंवा थांबलं की वेळ लिहा. एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा, घड्याळ घेऊन माणसामागे फिरायचं नाही, कामामागे फिरायचं. माणसामागे फिरलात की पोरं घाबरतात, मुद्दाम हात चालवून दाखवतात आणि तुम्हाला खरं काहीच दिसत नाही, वर मनात अढी बसते ती वेगळीच.

गॅरेजचं उदाहरण घेऊ. स्कूटर सकाळी 9 वाजता आली आणि संध्याकाळी साडेसहाला परत गेली. म्हणजे साडेनऊ तास, 570 मिनिटं. त्यात बघणं 15 मिनिटं, सर्व्हिसिंग 60, धुणं 10, ट्रायल 10, बिल 5. झाली 100 मिनिटं. उरलेली 470 मिनिटं गाडी नुसती उभी होती. कशासाठी उभी? आधी बाकीच्या गाड्या होत्या म्हणून, मग मालकाला फोन केला तो उचलला नाही म्हणून, मग पार्ट नव्हता आणि मडगावहून यायचा होता म्हणून, मग धुणारा जेवायला गेला म्हणून. कुठल्याही दुकानात ऑफिसात बघा, थोड्याफार फरकाने हेच दिसेल, हातात असण्याचा वेळ थोडा आणि पडून राहण्याचा वेळ पाचपट. आणि आपण काय करतो, तर मेकॅनिकला म्हणतो जरा हात चालव रे! त्याने अगदी जीव तोडून 60 ची 50 मिनिटं केली तरी 570 ची 560 होणार. त्याच्या दहा मिनिटांपेक्षा फोन न उचलल्यामुळे गेलेले दोन तास वाचवणं कितीतरी सोपं आहे, आणि त्यात कुणाचीही दमछाक होत नाही.

ज्याची गाडी अडकते त्याच्या बाजूनेही बघा. आपल्याकडचा पायलट, म्हणजे मोटारसायकल टॅक्सीवाला असेल तर त्याची मोटारसायकल म्हणजेच त्याचा धंदा, ती दिवसभर तुमच्याकडे उभी म्हणजे त्याची त्या दिवसाची कमाई गेली. त्याला दोन तासात गाडी दिलीत तर अर्धा दिवस त्याचा वाचतो. लीनमध्ये किंमत ठरवतो तो गिऱ्हाईक, आपण नाही. ज्या कामासाठी तो पैसे मोजायला राजी आहे तेवढंच खरं काम, बाकी सगळं शक्य तितकं कमी करायचं.

हा सगळा विचार टोयोटातून आला. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमध्ये पैसा कमी, जागा कमी, माल कमी, अमेरिकेसारखे ढीगच्या ढीग बनवून ठेवणं परवडणारं नव्हतं, तेव्हा तिथले इंजिनियर ताईइची ओहनो आणि त्यांच्या बरोबरच्या लोकांनी वर्षानुवर्षं थोडं थोडं सुधारत ही पद्धत घडवली. तिला लीन हे नाव खूप नंतर मिळालं, 1988 मध्ये जॉन क्राफसिक यांच्या एका लेखातून. ओहनोंनी फुकट जाणाऱ्या गोष्टी सात प्रकारच्या सांगितल्या: गरजेपेक्षा जास्त बनवणं, वाट बघणं, इकडून तिकडे वाहून नेणं, नको तितकं काम करणं, साठा, नको ती हालचाल आणि चुकलेलं काम. ही यादी पाठ करायची गरज नाही, पण त्यातलं सगळ्यात वाईट कुठलं तर गरजेपेक्षा जास्त बनवणं, असं ओहनोंचं मत होतं, कारण त्यातून बाकीची सगळी जन्माला येतात.

ते कसं, हे चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आधी कुठल्याही घरात दिसतं. नेवऱ्या म्हणजे करंज्या करायला चार बायका बसतात, दोघी भराभर लाटतात, एकजण सारण भरते, एकजण तळते. कढई एकच, तिच्यात एका वेळी मावतात तेवढ्याच मावतात. लाटणाऱ्या वेगात असतात म्हणून पुऱ्यांचा ढीग होतो, पंख्याखाली त्या सुकतात, मग कडा नीट चिकटत नाहीत, मग तेलात नेवरी फुटते, सारण बाहेर येतं, तेल करपतं आणि ते गाळायला पुन्हा काम थांबवावं लागतं. कुणीच आळशी नव्हतं, उलट लाटणाऱ्यांनी जास्तच काम केलं! वेग कढई ठरवते हे एकदा मान्य केलं की सोपं होतं. कढईच्या पुढे फार तर दोन घाण्यांएवढ्या भरलेल्या नेवऱ्या ठेवायच्या, तेवढ्या झाल्या की लाटणारीने लाटणं सोडून भरायला हात लावायचा. तुमच्या कामात कढई कुठली ते शोधा. ऑफिसात बहुतेक वेळा ती म्हणजे सही करणारा माणूस असतो, गॅरेजमध्ये रॅम्प असतो, झेरॉक्सच्या दुकानात बाइंडिंगचं मशीन. तिथे काम कधी थांबू द्यायचं नाही आणि तिच्या आधी ढीग होऊ द्यायचा नाही.

ढीग का होऊ द्यायचा नाही याचं एक गणित आहे, ते अमेरिकेतले प्राध्यापक जॉन लिटल यांनी 1961 मध्ये सिद्ध केलं आणि ते इतकं साधं आहे की मला वाटतं प्रत्येक दुकानात भिंतीवर लिहायला हवं: आत अडकलेली कामं भागिले रोज बाहेर पडणारी कामं म्हणजे लागणारे दिवस. गॅरेजमध्ये 12 गाड्या आहेत आणि रोज 4 बाहेर पडतात, तर गाडीला सरासरी 3 दिवस लागणार, तुम्ही काउंटरवर कितीही गोड बोलून उद्या देतो म्हणालात तरी. रोजच्या 4 च्या 8 करणं कठीण आहे, पण आतल्या 12 च्या 4 करणं तुमच्या हातात आहे. मेकॅनिक दोन असतील तर उघडलेल्या गाड्या दोन, फार तर तीन. एक पूर्ण झाल्याशिवाय दुसरी उघडायची नाही. बाकीच्या गिऱ्हाईकांना वेळ द्यायची, तुम्ही 11 ला आणा, तुम्ही 3 ला आणा, गाडी तोपर्यंत तुमच्याकडेच राहूदे चालवा. सुरुवातीला भीती वाटते की गिऱ्हाईक दुसरीकडे जाईल, पण ज्याला दिलेल्या वेळेला गाडी मिळाली तो दुसरीकडे जात नाही. ऑफिसमध्येही हेच, दहा फाईली अर्धवट उघडून बसण्यापेक्षा दोन पुऱ्या करा मग तिसरी घ्या.

आता वाट बघण्याची कारणं एकेक करून घ्यायची. सगळी एकदम नाही. भावाच्या गॅरेजमध्ये सगळ्यात जास्त वेळ खाणारा होता फोन. गाडी उघडली, ब्रेक शू गेलेत, मालकाला विचारायचं बदलू का, तो मीटिंगमध्ये. उपाय काय केला तर गाडी घेतानाच जॉबकार्डवर एक ओळ वाढवली, किती रुपयांपर्यंतचं काम न विचारता करायचं. मालक स्वतः आकडा सांगतो, त्याच्या खाली सही. बस. त्यापलीकडचा खर्च असेल तरच फोन, आणि दुसरा नंबर आधीच लिहून घेतलेला. कदंबची, म्हणजे गोव्याच्या सरकारी बसची पणजी-मडगाव शटल बघा, तिकीट खिडकीवर आधी काढायचं, मग बसमध्ये चढायचं, त्यामुळे वाटेत कुठे तिकिटासाठी खोळंबा नाही. जे काम मधे अडवतं ते सुरुवातीला हलवता येतं का हा प्रश्न प्रत्येक ठिकाणी विचारा, फार वेळा उत्तर हो असतं. लोनचा फॉर्म घेताना कागदपत्रं काउंटरवरच तपासली तर आठवड्यानंतर एक झेरॉक्स कमी आहे म्हणून माणसाला डिचोलीहून परत बोलवावं लागत नाही.

दुसरं कारण पार्ट. इथे कंप्युटर, सॉफ्टवेअर काही नको, दोन डबे पुरतात. ब्रेक शू, क्लच केबल, स्पार्क प्लग, बल्ब, एअर फिल्टर, ज्या गोष्टी रोज लागतात त्या प्रत्येकाचे दोन डबे, एकामागे एक. पुढचा डबा रिकामा झाला की तो काउंटरवर आणून ठेवायचा, मागचा पुढे ओढायचा. काउंटरवरचा रिकामा डबा म्हणजेच ऑर्डर, आतमध्ये पार्टचं नाव, नंबर आणि किती मागवायचे ते चिकटवलेलं. डब्यात किती ठेवायचे? नवीन माल यायला जितके दिवस लागतात तितक्या दिवसांत लागणारा माल, अधिक थोडा जास्त. पावसात घाटात रस्ता बंद पडतो तेव्हा कोल्हापूर-बेळगावचा माल उशिरा येतो, म्हणून जून ते सप्टेंबर थोडा जास्त ठेवायचा. टोयोटातलं कानबान ते हेच, अमेरिकन सुपरमार्केटमध्ये गिऱ्हाईक उचलतो तेवढंच फळीवर परत भरतात त्यावरून ओहनोंना ते सुचलं. आपल्याकडे गेटला पावासाठी पिशवी अडकवायची सवय आहेच, पोदेराला (पाववाल्याला) पिशवी दिसली की तो पाव टाकतो, नाही दिसली की हॉर्न वाजवत पुढे जातो. ना फोन ना वही. खूण डोळ्यांना दिसली पाहिजे आणि ती खूण असल्याशिवाय माल हलला नाही पाहिजे, एवढे दोन नियम पाळले की झालं.

भिंतीवर एक फळा लावा. चार रकाने: यायचंय, चालू, अडकलंय, झालं. यातला अडकलंय हा रकाना सगळ्यात महत्त्वाचा आणि बहुतेक लोक तोच काढत नाहीत. अडकलेल्या प्रत्येक कामापुढे कशासाठी अडकलं आणि कोण सोडवणार हे लिहायचं. सकाळी काम सुरू व्हायच्या आधी सगळ्यांनी फळ्यासमोर उभ्याउभ्याच दहा मिनिटं बोलायचं, तेही उजवीकडून, म्हणजे आज काय संपवता येईल तिथून सुरू करून. खुर्च्या आणल्या की त्या दहा मिनिटांची चाळीस होतात.

काम चुकलं, गाडी परत आली, बिल चुकीचं गेलं, तर का हा प्रश्न पाच वेळा विचारायची पद्धत सगळ्यांनी ऐकलेली असते. ओहनोंचं त्यातलं प्रसिद्ध उदाहरण असं: मशीन बंद का पडलं, फ्यूज उडाला. का उडाला, लोड जास्त आला, कारण बेअरिंगला वंगण कमी. वंगण कमी का, पंप नीट ओढत नव्हता. का, पंपाचा शाफ्ट झिजला होता. का झिजला, गाळणी नव्हती म्हणून लोखंडाचा चुरा आत गेला. फ्यूज बदलून गप्प बसले असते तर आठवड्यात पुन्हा उडाला असता. आता हेच आपल्याकडे करताना एक घोळ होतो, दुसऱ्याच का ला कुणाचं तरी नाव येतं आणि चौकशी तिथेच संपते. पोराचं लक्ष नव्हतं, झालं! माझा नियम असा की उत्तरात माणसाचं नाव आलं तर अजून एकदा का विचारायचं. ब्रेक ढिला राहून गाडी परत आली. का, केबलचा नट आवळला नव्हता. का, ट्रायल घेतली नव्हती. का, पोरगा मधेच दुसऱ्या गाडीकडे गेला. का गेला, दुसरं गिऱ्हाईक थेट रॅम्पवर येऊन त्याला हाक मारत होतं. का आलं, कारण सकाळी काउंटरवर कुणी नसतं. म्हणजे उपाय पोराला ओरडणं नाही, उपाय सकाळी काउंटरवर माणूस बसवणं आणि नट आवळल्यावर त्यावर मार्करने रेघ मारणं, रेघ नाही म्हणजे काम अपुरं, ते लांबूनही दिसतं.

आणि हे सगळं जागेवर जाऊन बघायचं, केबिनमध्ये बसून अंदाज बांधायचा नाही. ओहनो नवीन इंजिनियरला कारखान्याच्या जमिनीवर खडूने वर्तुळ काढून त्यात उभं करायचे आणि बघत राहायला सांगायचे, तासन् तास. तुम्ही अर्धा तास उभे राहा. मोबाईल खिशात ठेवून. पहिली दहा मिनिटं सगळं नेहमीचंच वाटतं, मग दिसायला लागतं की 12 चा पाना शोधायला माणूस किती वेळा उठतो, एकच बिल दोन वह्यांत कसं लिहिलं जातं.

पाना शोधायला माणूस उठतो हे दिसलं की मग साफसफाई आणि मांडणीला अर्थ येतो. पाच एस म्हणतात ते हेच, नको ते काढणं, हवं त्याची जागा ठरवणं, स्वच्छ ठेवणं, त्याचा नियम करणं आणि तो टिकवणं. सगळं दुकान एकदम नको, जिथे हात सारखा जातो तेवढी जागा घ्या. प्लायवुडवर प्रत्येक पान्याचा आकार रंगवा आणि खिळ्यावर टांगा, म्हणजे कुठला जागेवर नाही ते संध्याकाळी एका नजरेत कळतं. ऑफिसात रोज लागणारे फॉर्म हाताच्या अंतरावर, वर्षातून एकदा लागणारे वरच्या कपाटात. एवढं पुरे.

बदल करताना एका वेळी एकच करा आणि करण्याआधी वहीत लिहा की यामुळे काय होईल असं वाटतंय. हे लिहिणं फार महत्त्वाचं आहे. आधी लिहिलेलं नसेल तर नंतर कुठलाही निकाल चांगलाच वाटतो. ठरवा, करून बघा, तपासा, मग कायम करा नाहीतर सोडा, हे चक्र अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ डेमिंग यांच्या नावाने ओळखलं जातं, 1950 मध्ये त्यांनी जपानमध्ये जी व्याख्यानं दिली त्यांचा तिथल्या कारखान्यांवर मोठा परिणाम झाला, आणि मुळात ती कल्पना त्यांनी वॉल्टर शूहार्ट यांच्याकडून घेतली होती. एक आठवडा पुरे. जॉबकार्डवरच्या नव्या ओळीमुळे फोनसाठी थांबलेल्या गाड्या अर्ध्या होतील असं लिहिलं होतं, तर आठवड्याने मोजा झाल्या का. नसतील झाल्या तर का नाही ते शोधा, नाहीतर जुन्या पद्धतीवर परत जा. काही बदल लागू पडत नाहीत, ते धरून बसायचं नाही.

पर्यटनाच्या सीझनचं वेगळं बोलायला हवं कारण गोव्यात ते टाळताच येत नाही. डिसेंबरमध्ये रेंट अ बाईकवाल्यांच्या गाड्या एकदम येतात, पोरं रात्री दहापर्यंत राबतात, जुलैमध्ये तीच पोरं पावसाकडे बघत बसलेली असतात. कामाचा असा चढउतार म्हणजे जपानीत मुरा, आणि माणसावर किंवा मशीनवर पेलवणार नाही इतका भार म्हणजे मुरी. दोन्ही फुकट जाण्याइतकीच वाईट, कारण थकलेल्या माणसाच्या हातून चुका होतात आणि त्या चुका परत तुमच्याच रॅम्पवर येतात. यावर उपाय आधी करायचा, पावसाळ्यात रेंटवाल्यांशी बोलून ठेवायचं की ऑगस्टपासून रोज दोन-दोन गाड्या पाठवा, सगळ्या ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात नको, हवं तर मजुरीत थोडी सूट द्या. आधी पाठवल्या तर त्याचाही फायदाच, सीझन उघडताना गाड्या तयार असतात. ऑफिसमध्येसुद्धा चेकवर सह्या शुक्रवारी एकदम करण्यापेक्षा रोज सकाळ-दुपार दहा मिनिटं केल्या तर मागचं सगळं आपोआप सरळ चालतं.

आता जे मला सगळ्यात मनापासून सांगायचंय ते. सुधारणा कामावरचा माणूस सुचवतो, मालक नाही, कारण पाना शोधायला तो उठतो. टोयोटाच्या मूळपुरुषांपैकी साकिची टोयोडा यांनी असा माग बनवला होता की धागा तुटला की तो आपोआप थांबायचा, म्हणजे खराब कापड पुढे विणलंच जायचं नाही. पुढे गाड्यांच्या कारखान्यात कामगाराला दोरी ओढून मदत मागायचा आणि गरज पडली तर लाईन थांबवायचा हक्क दिला गेला. आपल्याकडे नवीन पोरगं गडबड दिसली तरी बोलत नाही, कारण मागच्या वेळी बोलला तेव्हा कुणीतरी खेकसलं होतं. म्हणून काम थांबवून कुणी तुम्हाला बोलवायला आलं तर पहिलं वाक्य बरं केलंस सांगितलंस हेच असायला हवं, चूक त्याची स्वतःची असली तरी. आणि वाचलेल्या वेळाचा वापर माणूस कमी करायला चुकूनही करू नका. कुणी सुचवलेल्या सुधारणेमुळे त्याच्याच शेजाऱ्याची नोकरी गेली तर त्या दुकानात परत कुणी तोंड उघडणार नाही, आणि बरोबरच आहे त्यांचं. वाचलेला वेळ संध्याकाळी पोरांना वेळेवर घरी सोडायला वापरा, नवीन काम शिकवायला वापरा, नाहीतर ज्या पायलटला तातडी आहे त्याची गाडी मधे घ्यायला.

मोजायचं किती, तर तीनच आकडे. काम आत आलं कधी आणि बाहेर गेलं कधी, परत किती आली, आणि आज अडकलंय रकान्यात किती आहेत. दुकान बंद करताना दोन मिनिटांत लिहून होतात, फळ्याच्याच कोपऱ्यात लिहा म्हणजे सगळ्यांना दिसतात, आणि दर शनिवारी जॉबकार्डांचा गठ्ठा काढून त्यातलं सगळ्यात जास्त वेळ लागलेलं एक कार्ड घेऊन चहाबरोबर सगळ्यांनी मिळून ही गाडी कुठे कुठे उभी राहिली ते बघा, पुढच्या आठवड्यात कशावर काम करायचं ते त्या एका कार्डातून निघतं.